वऱ्हाडची भेट

फाल्गुन लागला आणि मुंबईस जाण्याचा योग आला, की अमरावती-अकोल्याच्या बाजारातून कोणते जिन्नस न्यावेत, हे आप्तांच्या वस्तीवरून ठरविणेच मला इष्ट वाटते. गिरगावातील चाळीत आलेली वस्तू एकाच बिऱ्हाडाची राहत नाही. म्हणून तेथे वरूड-मोर्शीकडील मृगबहाराच्या संत्र्यांची करंडीच न्यावी, म्हणजे साऱ्या मजल्यावर वाटणी होऊन शेजारचे मूल रिक्तहस्त परतणार नाही. दादरच्या बाजारात सर्व मुलखांचा माल दाखल होत असतो. तेथील स्नेह्यांसाठी चिखलदऱ्याच्या डोंगरावर पिकलेली कॉफी घ्यावी, कारण वऱ्हाडात कॉफी होते, हे ऐकूनच पुष्कळांस विस्मय वाटतो. ठाणे-मुलुंडच्या उत्तुंग इमारतींत वाळवणास अंगण कुठले? तेथील लेकीसुनांकरिता अकोल्याच्या गतवर्षीच्या वैशाखी उन्हात कडकडीत वाळलेल्या कुरडया, सरगुंडे आणि गिरणीतून नुकतीच निघालेली तूरडाळ यांची तजवीज करावी. घेणाऱ्याच्या दाराबाहेरचे जग ज्याने आस्थेने जाणले, त्याची अल्प किमतीची भेटही सार्थ होते, आणि दूर स्थायिक झालेले त्याचे आप्त त्याला कधी परके होत नाहीत, अशी माझी दृढ श्रद्धा आहे.