पडद्याची पारख

मासळी घेताना कल्ला उघडून पाहावा, नारळ घेताना तो कानाशी हलवावा, हे शहाणपण गोव्यात घरोघरी असते. परंतु संगणकाचा मॉनिटर घेताना काय पाहावे, हे सांगणारी आजी कोणाच्याच घरी नाही! यंदा पालकांच्या वर्गणीतून शाळेसाठी मॉनिटर निवडण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा ही उणीव आम्हांस प्रकर्षाने जाणवली.

दुकानातले पडदे मोठे मायावी असतात. त्यांवर फुलपाखरे बागडतात, धबधबे कोसळतात, आणि त्या झगझगाटालाच आपण गुण समजून बसतो. आम्ही दुकानदारास विनंती केली, की ही फुलपाखरे क्षणभर उडवून लावा आणि बारीक देवनागरी अक्षरांचे एक पान दाखवा. आमच्या कोंकणीत ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष आणि ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकच वस्तू. भेद काय तो एका टिंबाचा. ज्या पडद्यावर ते टिंब विरते, तो शाळेच्या कामाचा नव्हे.

येथे आकाराचा मोह आवरावा लागतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा २४ इंची असेल, तर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात; तेच ठिपके २७ इंची पडद्यावर पसरले, की इंचाला ८२च उरतात. पडदा थोर होतो, अक्षर मात्र भरड होते.

मग सारा पडदा पांढरा करवून मेलेला ठिपका शोधावा; काळा करवून कडांतून उजेड पाझरतो का, ते पाहावे. खोक्यावर ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’चे लक्षावधींचे आकडे छापलेले असतात, त्यांना भुलू नये. साध्या आयपीएस पडद्याचा खरा आकडा बहुधा हजारास एक, एवढाच असतो.

शेवटची परीक्षा आम्ही पडद्यासमोरून बाजूस सरून घेतली. शाळेत एका मॉनिटरपुढे तीन मुले बसतात. टीएन जातीच्या स्वस्त पडद्यावर मधल्यास चित्र स्वच्छ दिसते, कडेच्या दोघांना मात्र रंग बदललेले दिसतात. आयपीएस जातीत हा दोष फारच कमी. किंमत थोडी अधिक. पण वर्गणी तिघांच्याही घरून सारखीच आली होती. म्हणून आम्ही डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, आणि जेथे दोन्हीकडून ‘तें’वरचे टिंब स्पष्ट दिसले, तोच मॉनिटर घेतला.