आत्याच्या घरचा लुईस

‘मीट द रॉबिन्सन्स’ हा डिस्नेचा सिनेमा 2007चा. आमच्या कन्हेरीत तो जरा उशिराच पोहोचला, आतेभावानं बारामतीहून आणलेल्या डीव्हीडीवर, पाच-सहा कार्टूनच्या दाटीत. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. तरी अनाथाश्रमातला लुईस आईचा चेहरा आठवावा म्हणून यंत्र बनवतोय, एवढं मला बरोबर कळलं.

मी आत्याकडं वाढलो. आई गेली तेव्हा पाळण्यात होतो. घरात तिचा एकच फोटो, लग्नातला: मान खाली, मुंडावळ्यांच्या मोत्यांत निम्मा चेहरा झाकलेला. तो फोटो तिरका धरून मी किती वेळा बघितला असेल! निवडणूक आली की पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ आमच्या मारुतीपुढं फुटतो. त्याच्याकडं सगळे पुढच्या पाच वर्षांचं मागतात; मी मागचं मागायचो.

पुण्यात कॉलेजला असताना सिनेमा पुन्हा पाहिला, तेव्हा गूब दिसला. लुईस रात्रभर यंत्राची खुडबूड करतो, खोलीतल्या गूबची झोप मोडते आणि मॅचमध्ये त्याचा झेल सुटतो. त्या झेलाचा राग धरून पोरगा खलनायक होतो. माझ्यापायी आतेभावाचं काय काय हुकलं असेल, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. विचारलं तर म्हणाला, “गप जेव.”

भविष्यातल्या रॉबिन्सन घराचा गोंधळ मला अजूनही जास्तच वाटतो, गाणाऱ्या बेडकांसकट. पण आईचा प्रसंग! कालयंत्र लुईसला त्याच रात्री नेऊन सोडतं. बाळ दारात ठेवून ती निघालीय. तो तिच्या खांद्याकडं हात नेतो आणि मागे घेतो. आपल्याकडं तिथं गळाभेट आणि वर एक गाणं झालं असतं. दिग्दर्शक स्टीफन अँडरसन स्वतः दत्तक गेलेले. तो हात मागे घेण्याचं धाडस त्यातूनच आलं असावं.

परवा लेकीबरोबर पाहिला. तिनं मेथी निवडत बसलेल्या आत्याला थेट विचारलं, “आजी, तू बाबाची खरी आई आहेस का?”

“मग कोण हाय?” आत्या म्हणाली आणि काड्या बाजूला टाकत राहिली.

तुमच्या घरात दत्तक आलेलं किंवा नात्यातलं सांभाळलेलं मूल असेल, तर हा सिनेमा त्याच्यासोबत बसून बघा. मूल विचारणारच; उत्तर आधीच ठरवून ठेवा, आणि ते खरं असू द्या.