दोघांपुरतं

मराठी घरातलं सर्वांत घातक वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी "तुमच्या आईनं तुम्हाला डोक्यावर चढवून ठेवलंय" हे सांगणार नाही. त्यानं फार तर भांडण होतं, आणि भांडणानं भूक चांगली लागते. खरं घातक वाक्य म्हणजे, "दोघांसाठी कशाला एवढा घाट घालायचा?"

हे वाक्य घरात शिरतं ते मुलं घराबाहेर पडल्यावर. आमची मुलगी बेंगळुरूला आणि मुलगा सातासमुद्रापार. अशा घरात आधी कोशिंबीर बंद होते. मग चटणी. महिन्याभरात आमटी-भात-भाजी-पोळी या चौकडीतले दोन भिडू गळतात. आणि एक दिवस असा येतो की दोन सुशिक्षित, पेन्शनर माणसं ओट्याशी उभं राहून पातेल्यातूनच खिचडी खाताना दिसतात. अशा घराला लोक खानावळ म्हणतात. हा खानावळींवर अन्याय आहे. खानावळीत निदान रविवारी 'फीस्ट' असते.

उन्हाळ्यात तर या वाक्याला फारच जोर येतो. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकला की गॅसपाशी उभं राहणं ही पंचाग्निसाधनाच. त्यातून दोघांचा स्वयंपाक वीस जणांच्या स्वयंपाकापेक्षा कठीण. हसू नका. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघालं, तेव्हा घरात माणसं मोजत नसत, पंगती मोजत. पुढं १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं वाटी-चमच्याच्या मापानं हिशेब सोपा केला आणि आमच्या पिढीतल्या सुनांची लाज राखली. पण वाटीची पाव वाटी करायची वेळ आली की गणित फसतं. डाळ पाव वाटी घेता येते. मीठही बेतानं घालता येतं. पण हिंगाची चिमूट पाव कशी करायची? चिमूट ही बोटांवर ठरते, माणसांवर नाही. अर्धी हिरवी मिरची घातली तर उरलेली अर्धी चार दिवस फ्रिजमध्ये आपल्याकडे बघत बसते. आणि कुकरला पाच जणांचा भात लावा की दोघांचा, शिट्या तेवढ्याच. त्याला आपली मुलं परदेशी गेल्याचं कुणी सांगितलेलंच नाही.

तरीही आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेआठला, गॅलरीत, ताट-वाटी-पाण्याच्या तांब्यासह होतं. नियम हिचा. रोज पक्वान्न असतं असं नाही. सोमवारी सायीच्या दह्याचा भात, आंबट होऊ नये म्हणून दुधाचा हात लावलेला, वर तुपाची फोडणी आणि कुरकुरीत तळलेली सांडगी मिरची. मंगळवारी मुगाची खिचडी आणि भाजलेला पोह्याचा पापड. कैऱ्या आल्या की आंबेडाळ. हरभराडाळ भिजत घालणं हे माझं खातं, भरड वाटणं हिचं. कैरी मी किसतो. ती किती आंबट आहे हे किसतानाच पाहावं लागतं, आणि ते पाहून झालं की हिच्या वाटणीची कैरी कमी भरते, अशी हिची तक्रार आहे. पन्ह्याचा गर काढून बरणीत भरला की महिनाभर वीज गेली तरी चालते, पंख्याचं काम पन्हं करतं.

आंब्याची मात्र वेगळी गोष्ट. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या कोपऱ्यावरच्या फळवाल्याला ही बातमी कळलेली नाही. त्याच्या गाडीवरचा प्रत्येक आंबा जन्मानं देवगडचा असतो. असो. दोघांच्या रसाला तीन आंबे लागतात. म्हणजे कोयी तीन. आमच्या लहानपणी कोयीवरून भावाभावांत डोकी फुटायची बाकी असायची. आता कोयींचं ताट आमच्यामध्ये इकडून तिकडे सरकत राहतं. "तुम्ही घ्या." "नाही, तू घे." शेवटी एक एक कोय वाटून घ्यायची आणि तिसरीसाठी पुन्हा लखनौचे नवाब व्हायचं.

सणाच्या जेवणाचा खरा पेच पडतो तो मे महिन्यात. आमच्या पिढीतली पुष्कळ लग्नं मेमधली. मुलांच्या शाळांना सुट्टी, आणि पाहुण्यांना झोपायला गच्ची. मुहूर्त भटजी काढत, पण महिना मंगल कार्यालयाची गच्ची ठरवी. त्यामुळे लग्नाचा वाढदिवस जन्मभर घामाच्या धारांत साजरा करावा लागतो.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला ४२ वर्षं झाली. आदल्या दिवशी मी पुरणाचा विषय काढला. ही पंख्याखाली बसली होती. पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "अहो, या उकाड्यात? दोघांसाठी?"

वाक्य शेवटी घरात आलंच. मुलीचाही फोन आला, "बाबा, मी इथूनच काहीतरी मागवते, वीस मिनिटांत दारात येईल." मी गप्प बसलो. नियम हिचा होता, मोडायचा तर हिनंच मोडावा.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू वाटी परत करायला आल्या. आमचं आंबेडाळीचं देणं-घेणं चालतं. काका जाऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. हिनं सहज त्यांनाही विचारलं, "काकू, तुम्हीच सांगा, दोघांसाठी पुरण घालायचं का हो?"

काकू वाटी ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "आम्ही पण असंच म्हणायचो गं. दोघांसाठी कशाला, म्हणून सहा वर्षं नाही घातलं पुरण. ह्यांना आवडायचं फार. पण तेही म्हणायचे, राहू दे." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता मी एकटीसाठी पोळ्या लाटते तेव्हा वाटतं, दोघं म्हणजे काही कमी माणसं नव्हती."

आणि लगेच, "जाते, दूध तापत ठेवलंय," म्हणून वर निघून गेल्या.

ही काही बोलली नाही. मीही नाही. थोड्या वेळानं डब्याचं झाकण वाजलं. वाटीभर हरभराडाळ परातीत पडली आणि निवडायला माझ्यापुढं आली.

दुसऱ्या दिवशी पुरणयंत्र मी फिरवलं. ते फिरवताना दंडात जे काही दुखतं, त्यावर व्यायामशाळा काढता येईल. पोळ्या सात झाल्या. पानं तीन मांडली, केळीची. डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं आपापल्या जागी, जणू पंगतीला शंभर माणसं आहेत. काकू दोन पोळ्या जेवल्या. तुपाला नको म्हणाल्या, पण वाटी सरकवली नाही.

रात्री मुलीनं फोनवर पान पाहिलं आणि म्हणाली, "आई, दोघांसाठी एवढं केलंस?"

"तिघांसाठी," ही म्हणाली. "आणि दोघांसाठी असतं तरी केलं असतं."

उरलेली सातवी पोळी सकाळी दुधाबरोबर अर्धी अर्धी खाल्ली. कटाची आमटी मात्र आठ माणसांची झाली होती. कटाच्या आमटीला दोघांचं माप अजून कुणालाच सापडलेलं नाही. ती आम्ही पुढं दोन दिवस जेवलो आणि दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागली.