मूसाचा मासा

सूरह कहफमध्ये एका माशाची गोष्ट आहे. हजरत मूसा अलैहिस्सलाम आणि त्यांचा तरुण सोबती दोन समुद्र मिळतात त्या जागेच्या शोधात निघतात. शिदोरीत मासा असतो. एका खडकापाशी ते विसावतात आणि मासा समुद्रात वाट काढून निघून जातो. जुम्म्याला ही सूरह वाचणाऱ्यांना हे पाठच असतं. मासा कोणत्या जातीचा होता, हे कुरआन सांगत नाही.

लोकांना मात्र राहवलं नाही. आपल्या लेपीसारख्या चपट्या, वाळूत पडून राहणाऱ्या माशांना अरबीत ‘समक मूसा’ म्हणतात. का, तर त्या शिदोरीतला मासा अर्धा खाऊन झाला होता, उरलेला जिवंत झाला, त्याचीच ही प्रजा! बाराव्या शतकातले प्रवासी अबू हामिद अल-गरनाती यांनी असा ‘अर्धा’ मासा सब्ताजवळ पाहिल्याचं लिहिलं आणि पुढे अद-दमीरींनी ते आपल्या प्राणिकोशात घेतलं. दुसरी कथा अशी की, समुद्र दुभंगला तेव्हा मधोमध सापडलेला मासाही चिरला गेला. मला दोन्ही कथा आवडतात. पण त्या ‘कुरआनचा चमत्कार’ म्हणून मोबाइलवर फिरू लागल्या की चीड येते. अल्लाहने जे सांगितलं नाही, ते त्याच्या नावावर का खपवायचं?

मासा अर्धा नसतोच. अंड्यातून निघतो तेव्हा त्याचे डोळे दोन बाजूंना असतात आणि तो इतर माशांसारखा उभा पोहतो. मग एक डोळा हळूहळू डोक्यावरून पलीकडे सरकतो. त्यानंतर तो बिनडोळ्यांच्या फिक्या कुशीवर तळाशी आडवा होतो, तो कायमचा.

तांबड्या समुद्रातल्या एका जातीला तर इंग्रजीतही मूसाचंच नाव आहे. शास्त्रीय नाव पार्डाकायरस मार्मोरेटस, लांबी जेमतेम वीतभर. हा मासा इराणच्या आखातात, दक्षिणेला थेट दरबानपर्यंत आणि पूर्वेला श्रीलंकेपर्यंत सापडतो, म्हणजे जिथे फिरऔनचं सैन्य कधी पोचलंही नाही तिथेही.

1970च्या दशकात युजिनी क्लार्क या अमेरिकन संशोधक बाईंनी तांबड्या समुद्रात त्याचा अभ्यास केला. त्याच्या परांच्या मुळाशी बारीक छिद्रं असतात, त्यांतून दुधासारखा विषारी स्राव येतो. शार्कने त्याला धरायला जबडा उघडला, की तो मिटवणं तिला जमेना. मान झटकत ती दूर जाई, आणि मासा तसाच शाबूत.