बेचाळीस किलोमीटरांचे खेळते भांडवल

पेढी बुडते ती बहुधा मालमत्ता नसल्यामुळे नव्हे, तर हाताशी रोकड नसल्यामुळे. गोदाम भरलेले असते, येणे बाकी भरपूर असते, जमीनजुमलाही असतो. परंतु देणे चुकविण्याच्या दिवशी गल्ल्यात पैसा नसतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका गृहस्थांना हे तत्त्व तीस वर्षे तोंडपाठ होते. तेच तत्त्व स्वतःच्या शरीरालाही लागू पडते, हे मात्र त्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मुंबईत पेडर रोडच्या चढाखाली रस्त्याच्या कडेला बसल्यावर कळले.

धावण्याचा नाद त्यांना उशिरा लागला. रक्तदाब वाढल्याचे निमित्त झाले आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले. कृष्णेच्या घाटावरून हरिपूरपर्यंतचे चालणे हळूहळू धावण्यात बदलले. पुढे साताऱ्याची यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन दोनदा पूर्ण झाली, आणि मग जानेवारीतील मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनची, म्हणजे 42.195 किलोमीटरांची, ओढ लागली. घरात यावर कुणाचा आक्षेप नव्हता. आईंनी एवढेच विचारले होते, "तिथे तुला कोणी बोलावले आहे का?"

या गृहस्थांचा आणखी एक नेम होता. वडील गेले त्या वर्षापासून त्यांनी रोज नवकारशी सुरू केली होती. सूर्योदयानंतर 48 मिनिटे होईपर्यंत अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. प्रवास झाला, तापाची आजारपणे झाली, मुलीचे लग्न झाले, नेम अखंड राहिला. वडिलांच्या नावे उघडलेले हे खाते आहे, असे ते मनाशी म्हणत.

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाच वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून सुटते. जानेवारीत तिथे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. म्हणजे नवकारशीची वेळ भरते आठ वाजून गेल्यावर. गृहस्थांनी हिशेब केला तो असा: तीन तास कसेबसे रेटायचे, पच्चक्खाण पारायचे आणि मग खिशातील जेल खाऊन उरलेले अंतर कापायचे. ही योजना त्यांनी कुणाला सांगितली नाही. जी योजना कुणाला सांगावीशी वाटत नाही, तिच्यात खोट असते, हे व्यापारात ते जाणून होते.

आठ वाजून पाच मिनिटांनी, सुमारे पंचवीस किलोमीटर झाल्यावर, त्यांनी मूठ मिटून नवकार म्हटला आणि दोन पुड्या एकापाठोपाठ एक तोंडात पिळल्या. वर घोटभर पाणी घेतले. जेल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच चाखले होते. पाऊण तासात पोटात मुरडा आला, मळमळ सुरू झाली, आणि चढ दिसू लागला तेव्हा पायांनी नकार दिला. स्वयंसेवकांनी त्यांना सावलीत बसविले, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजले आणि तपासणीच्या तंबूत नेले. तेथील डॉक्टरांनी दोनच वाक्ये सांगितली. मुंबईच्या दमट हवेत तीन तास पाण्यावाचून धावणे हा थेट जिवाशी खेळ आहे. आणि रिकाम्या, कोरड्या पोटात एकदम ओतलेली साखर पचत नाही. शर्यत तिथेच सुटली.

सांगलीला परतल्यावर त्यांनी प्रथम एक लाल वही काढली. जे समजले नाही त्याचा जमाखर्च मांडायचा, ही जुनी सवय होती.

धावण्याचा खर्च ढोबळमानाने असा: दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी. त्यांचे वजन 68 किलो. म्हणजे बेचाळीस किलोमीटरांना सुमारे 2,850 किलोकॅलरी. आता जमेची बाजू. शरीरात चरबीचा साठा मोठा असतो, परंतु तो स्थावर मालमत्तेसारखा आहे; त्याचे रूपांतर शक्तीत होते, पण संथपणे. झटपट वापरता येणारी रोकड म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठविलेले ग्लायकोजेन. ते साधारण 500 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 2,000 किलोकॅलरींचे. काही खर्च चरबी उचलते हे खरे, तरी तीस-बत्तीस किलोमीटरांच्या आसपास अनेकांचा गल्ला रिकामा होतो. धावपटू ज्याला 'भिंत' म्हणतात, ती हीच.

एनर्जी जेल म्हणजे या तुटीसाठी घेतलेली छोटी उचल. एका पुडीत साधारण 20 ते 25 ग्रॅम कर्बोदके आणि 100 किलोकॅलरींच्या आसपास शक्ती असते. मोठ्या शर्यतीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. आतड्यातून ग्लुकोज शोषले जाण्याची वाट तासाला सुमारे 60 ग्रॅमपर्यंतच माल सोडते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. म्हणून दोन्हींचे मिश्रण असेल तर सरावलेले धावपटू 90 ग्रॅमपर्यंतही जातात. सव्वा तासाच्या आतील धावण्याला मात्र जेलची गरजच नसते. सकाळच्या फेरफटक्यानंतर जेल खाणे म्हणजे गरज नसताना कर्ज काढण्यासारखे आहे. मधुमेह असणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या पुडीला हातही लावू नये.

मग आला निवडीचा प्रश्न. हळदीचा नमुना नखाने मोडून पाहणाऱ्या माणसाने पुडीवरची बारीक अक्षरे भिंगाखाली धरली. त्यांचा पहिला समज असा होता की हिरवा ठिपका दिसला की प्रश्न मिटला. तो समज चुकीचा निघाला. आपल्या देशातील अन्नविषयक नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध आणि दुधाचे पदार्थ वगळले आहेत, त्याचप्रमाणे मध, मेण आणि लाखही वगळली आहे. त्यामुळे मध घातलेल्या पुडीवरही हिरवा ठिपका असतो आणि तो कायदेशीरच असतो. परंतु ज्या घरात मध अभक्ष्य मानला जातो, त्या घरासाठी तो ठिपका पुरेसा नाही. काही जेलमध्ये गोडी मधाचीच असते. जेलच्या शेजारी मांडलेल्या चघळण्याच्या गोळ्यांत तर प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून काढलेले जिलेटिनही आढळते. 'व्हीगन' चिन्ह असेल तर मध आणि जिलेटिन दोन्ही टळतात. कंदमुळे मात्र त्यानेही टळत नाहीत.

तिथे त्यांची नजर 'माल्टोडेक्स्ट्रिन' या शब्दावर अडली. बहुतेक जेलचा हा मुख्य घटक. ते पिष्टापासून बनते. पण पिष्ट मक्याचे असू शकते, तांदळाचे असू शकते, बटाट्याचे किंवा टॅपिओकाच्या कंदाचेही असू शकते. वेष्टनावर मूळ पीक लिहिलेले असतेच असे नाही. गृहस्थांनी तीन उत्पादकांना पत्रे धाडली. एकाने मका असल्याचे लेखी कळविले, एकाने मोघम उत्तर दिले, तिसऱ्याने दिलेच नाही. ज्याने लेखी दिले त्याचा माल घ्यायचा, हा निर्णय करायला त्यांना वेळ लागला नाही. बीट आणि आले घातलेले प्रकारही त्यांनी बाजूला सारले. कॅफिन असलेल्या पुड्या रक्तदाबाच्या पूर्वेतिहासामुळे डॉक्टरांनीच नको म्हटल्या.

किमतीचा हिशेबही झाला. पुडीच्या किमतीला आतील कर्बोदकांच्या ग्रॅमांनी भागले की खरा भाव निघतो. पुडी मोठी दिसते म्हणून माल जास्त असतो असे नाही. पातळ, 'आयसोटॉनिक' जेलच्या पुडीत पाणी आधीच मिसळलेले असते. ती वजनाला जड, पण तिच्यावर वेगळे पाणी लागत नाही. घट्ट जेल खिशाला हलके, पण त्यावर दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी हवेच, आणि ते साधे पाणी हवे. त्यावर गोड सरबत प्यायले तर साखरेवर साखर चढते आणि पोट बंड करते. पेडर रोडखाली घडले त्याचे एक कारण वहीत असे उमटले.

सरावासाठी त्यांनी घरगुती तोडही काढली: 25 ग्रॅम खडीसाखर, चिमूटभर मीठ, थोडे लिंबू, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून लहान बाटलीत. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे निम्मे असतात, त्यामुळे काम भागते आणि खर्च दोन-तीन रुपयांचा येतो. बाटल्या वागविण्याची अडचण तेवढी राहते. म्हणून सरावात बहुतेक वेळा बाटली आणि शर्यतीत पुडी, असा व्यवहार ठरला. मात्र शर्यतीच्या दिवशी काहीही नवे नको, हा पहिला नियम असल्यामुळे त्याच पुडीचा सराव किमान पाच-सहा लांब धावांत करायचा, हेही ठरले.

आईंनी टेबलावरच्या पुड्या पाहिल्या तेव्हा विचारले, "हे काय?"

"जेल आहे, आई."

"जेल म्हणजे तुरुंग, एवढेच मला ठाऊक," त्या म्हणाल्या. परंतु त्या तिथेच बसल्या. मुंबईला काय घडले, हे त्यांना सुनेकडून कळले होते. काही वेळाने त्यांनी सरळ विचारले, "त्या दिवशी पच्चक्खाण कशासाठी घेतले होतेस?"

"नेम मोडायचा नव्हता. बाबांच्या वर्षापासूनचा आहे."

"नेम होता की आकडा होता?"

गृहस्थ गप्प राहिले. अकरा वर्षांचे सुमारे चार हजार दिवस होतात, हे त्यांनी कधीच गुणाकार करून ठेवले होते.

"पच्चक्खाण रोज आपल्या इच्छेने घ्यायचे असते," आई म्हणाल्या. "एखाद्या दिवशी झेपणार नसेल तर न घेणे हा भंग नव्हे. घेऊन मग घड्याळाकडे डोळे लावून जीव धोक्यात घालणे, त्यात समता कुठे राहिली? तुला पळायचेच असेल तर त्या दिवशी पळ. नेम करायचा असेल तर त्या दिवशी घरी राहा. एकाच रकमेवर दोन कर्जे काढू नकोस. आणि बाबांचे नाव त्यात घालू नकोस. त्यांनी तुला तहानलेले ठेवले नसते."

यानंतर कित्येक आठवडे त्यांचा निर्णय झाला नाही. न धावण्याचा पर्याय खरोखरच खुला होता, आणि तो पुष्कळांना अधिक उचित वाटेल. दरम्यान त्यांनी रविवारचा सराव नवकारशीनंतर सुरू केला. डिसेंबरातही पावणेआठला निघायचे म्हणजे शेवटचा तास उन्हात जाई. परंतु नेमही राही आणि पुडीची परीक्षाही होई. लाल वहीत रोजमेळासारख्या नोंदी होत गेल्या: तारीख, अंतर, कोणती पुडी, कितव्या मिनिटाला, पाणी किती, पोट कसे. त्यातून निघालेला निष्कर्ष सोपा होता. थकवा जाणवल्यावर घेतलेली पुडी उशिराची असते. चाळिसाव्या मिनिटाला, गरज वाटत नसताना, पहिली घ्यावी आणि पुढे दर चाळीस मिनिटांनी एक. एका दमात नव्हे, दोन-तीन घोटांत. पाच तासांच्या धावेला सात पुड्या. बँकाही कर्ज देतात ते पत शाबूत असताना. गल्ला रिकामा झाल्यावर गेलेल्याला कोणी दारात उभे करीत नाही.

रिकाम्या पुड्यांसाठी त्यांनी पट्ट्याला एक वेगळी पिशवी शिवून घेतली. रस्त्यावर टाकलेल्या चिकट पुडीला मुंग्या लागतात आणि मागून हजारो पाय येत असतात. हे कुणी त्यांना सांगितले नव्हते. हरिपूरच्या रस्त्यावर स्वतःचीच खाली पडलेली पुडी परतताना दिसली, तेव्हा कळले.

पुढच्या जानेवारीत ते पुन्हा मुंबईला गेले. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी वरण-भात जेवले. पहाटे उठून, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी पच्चक्खाण घेतले नाही. पाच वाजून चाळीस मिनिटांनी, मरीन ड्राइव्हचे दिवे अजून लागलेले असताना, पुडी हातात घेतली. समुद्राकडे अंधार होता. फाडण्यापूर्वी हात क्षणभर थांबला. मग त्यांनी ती फाडली, दोन घोटांत संपविली, वर पाणी प्यायले आणि रिकामी पुडी पिशवीत ठेवली. पेडर रोडचा चढ त्यांनी चालत चढला, पण चढला. पाच तास अकरा मिनिटांनी शर्यत पुरी झाली.

घरी पदक पाहून आईंनी ते नातवाच्या गळ्यात घातले आणि विचारले, "पोट ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशीची वेळ भरेपर्यंत गृहस्थ आपल्या खोलीत बसून होते. मांड्या ठणकत होत्या आणि घसा कोरडा होता. लाल वहीत त्यांनी आदल्या दिवसाची नोंद केली: अंतर, वेळ, सात पुड्या, पोट ठीक. खाली एक ओळ आणखी लिहिली, 'नवकारशी नाही.' पूर्वी या नेमाची नोंद त्यांनी कधी ठेवली नव्हती, कारण खंडच पडला नव्हता. आता खाते अखंड राहिले नव्हते. खरे मात्र होते. घड्याळात वेळ झाली तेव्हा त्यांनी मूठ मिटून नवकार म्हटला आणि आईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला घेतला.