पाण्याक बोलांदे

यंदाच्या जूनमध्ये आंबोलीत लेक हळूच म्हणाली, "बाबा, फुलटोच्या. डावीकडच्या आंब्यावर, बांडगुळात." मी मान डोलावली. हेडफोन कानावर होते, रेकॉर्डरवरचे दिवे हलत होते आणि मला काहीएक ऐकू येत नव्हतं.

ही मान माझ्या ओळखीची आहे.

माझे वडील, अण्णा, एस.टी.त ड्रायव्हर होते. सावंतवाडी-बेळगाव गाडी घेऊन आंबोलीचा घाट चढायचे आणि रजा मिळाली की त्याच घाटात पायी. घरात ते पाहुण्यासारखे बसत. पुस्तकातली पक्ष्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. शीळकरी कस्तुराला ते 'शाळा चुकवणारो' म्हणत. इंग्रजीतही त्याला शीळ घालणारा शाळकरी पोर म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. सांगितलं तेव्हा म्हणाले, "मगे? इंग्रज काय भायरे आयकत नसतले?"

या कस्तुरापायी मी एकोणतीस पावसाळे घालवले. तो घरटं करतो ओढ्याकाठी आणि गातोही तिथेच, उजाडायच्या आधी. त्याची शीळ माणसाच्या शिळेच्या पट्टीतली. पाणी मात्र सगळ्याच पट्ट्यांत सांडलेलं. खालचं कापलं तर थोडं जातं, उरलेलं शिळेला चिकटून राहतं. मोठी डिश लावली, तर पक्ष्यामागचं पाणीही मोठं झालं. ओढा आणि माइक यांच्यामध्ये माणसाएवढा कातळ धरला की पाणी बसतं, पण मग पक्षी वरच्या अंगाला हवा. तो खाली उतरला की त्या दिवसाचं काम संपलं. त्यात त्याचं गाणं थांबत थांबत येणारं: दोन सूर, थांबणं, चढणं, मध्येच सोडून देणं. तो थांबतो तिथे पाणी घुसतं. मला तो थांबा स्वच्छ हवा होता. सूर काय, कुणालाही मिळतात.

अण्णा म्हणायचे, "पाण्याक बोलांदे. तू गप रव." मला वाटायचं, यांना यातलं काय कळतंय.

1996 साली पाऊस लांबला होता. ओढा बारीक, पक्षी कातळाच्या वर, वारा नाही. सात मिनिटं सलग मिळाली आणि पाचव्या मिनिटाला, नेमक्या थांब्यात, अण्णा खोकले. त्यांचा विडीचा खोकला. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पुढचे तीन जून त्यांना बरोबर नेलं नाही. घरी सांगितलं, ओढ्यावर शेवाळ फार धरलंय. घाटातला प्रत्येक दगड पायाने ओळखणाऱ्या माणसाला मी शेवाळाचं कारण दिलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

2003 मध्ये ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा खोकला कापला आणि त्या जागी त्याच ओढ्याचं तेवढंच पाणी बसवलं. जोड आजवर कुणाला सापडलेली नाही. चांगल्या कानाच्या लोकांना ऐकवून पाहिलंय. तिचा मला अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. मूळ कॅसेटला कोकणातल्या हवेत बुरशी लागली. अण्णांचा आवाज म्हणून घरात आता लग्नाच्या एका व्हिडिओतलं "जेवून जावा" एवढंच आहे.

आता आवाज पुसणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. त्यांनी धुतलेला कस्तूर न्हाणीघरात गायल्यासारखा वाटतो. अशा फायली अभिमानाने पाठवणारे पुष्कळ आहेत. नाव सांगणाऱ्या ॲपांबद्दल माझी तक्रार नाही. राग येतो तो ऐन विणीच्या दिवसांत स्पीकरवर शीळ वाजवून पक्षी फांदीवर ओढून आणणाऱ्यांचा. तो बिचारा चोचीत पिल्लांचा घास धरून न दिसणाऱ्या वैऱ्याशी भांडायला येतो आणि यांचे कॅमेरे कडकडतात. मात्र मीही 1998 साली दोनदा टेप वाजवून पक्षी बोलावला होता.

अण्णांच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत मी पुन्हा त्यांना नेऊ लागलो. मी पक्षी दाखवायचो, ते मान डोलवायचे. एकदा मला संशय आला. झाडावर काहीच नसताना म्हटलं, "अण्णा, फुलटोच्या बोलतोय." ते म्हणाले, "सकाळधरना बोलता." मला हसू आलं, घरी येऊन मी ते सगळ्यांना सांगितलंही. अण्णा समोरच बसले होते.

कानाच्या डॉक्टरांनी मला आलेख दाखवला. रेघ निम्म्यापर्यंत सरळ जाते आणि मग गाडी घाट उतरावी तशी खाली. वयाने आधी वरच्या पट्ट्या जातात. कस्तूर अजून बरीच वर्षं ऐकू येईल म्हणाले. फुलटोच्याची बारीक टिकटिक गेली ती गेली.

जूनमधल्या त्या दिवशी आंबोलीहून घरी आल्याबरोबर लेकीच्या नकळत मी रेकॉर्डिंग पडद्यावर उघडलं. तीही माझी परीक्षा घेत असेल, असं मनात आलं होतं. टिकटिकीच्या रेघोट्या वर, अगदी ठळक, होत्या.

माझ्या नोंदवहीत 'ऐकणारा' असा एक रकाना आहे. पहिल्या पानापासून त्यात फक्त माझी आद्याक्षरं आहेत, अण्णा बरोबर असायचे त्या दिवसांचीसुद्धा. त्या तारखेला फुलटोच्यापुढे लेकीची लिहिली.