परत येऊ नका, प्लीज!

बंद पडलेल्या सिरियलवर आपलं जरा जास्तच प्रेम असतं, नाही का? चालू असताना निम्मे एपिसोड चुकवायचे आणि संपली की मित्रांच्या ग्रुपवर गळे काढायचे. 'यार, ती परत सुरू करायला हवी!' एक्सच्या आठवणी काढल्यासारखंच हे. भांडणं विसरायची आणि फोटो तेवढे बघत बसायचं.

माझं मत विचाराल, तर नको. परत नकोच.

हे बघा. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर होती, तेव्हा टीआरपीत मागेच पडली. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते नंतर, रिपीट टेलिकास्टमध्ये. २०१७ साली हॉटस्टारवर दुसरा सीझन आला, पण आजही आपण एकमेकांना क्लिप्स पाठवतो त्या पहिल्याच सीझनच्या. 'फू बाई फू' नोव्हेंबर २०२२ मध्ये परत आलं आणि थोडक्यातच आटोपलं. उलट 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लोकप्रिय असतानाच थांबली. वीस वर्षं झाली, आबांची चव अजून तोंडात आहे.

आमच्या पिढीचा हळवा कोपरा म्हणजे 'दिल दोस्ती दुनियादारी'. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६, झी मराठी, रात्री साडेदहा. सहा जण, मुंबईतलं एक घर, नाव 'माजघर'. ना सासू, ना मंगळसूत्र, ना कटकारस्थानं! पाच-साडेपाच महिन्यांत खेळ खल्लास. त्या वेळेला 'रात्रीस खेळ चाले' आली आणि कैवल्य-सुजयच्या जागी अण्णा नाईकांचा वाडा दिसायला लागला. बसला ना धक्का?

मी तेव्हा जालन्यात होते, बारावीला. आमचं घर एमआयडीसीला लागून. पप्पा सळईच्या रोलिंग मिलमध्ये. सेकंड शिफ्ट करून यायचे तोवर एपिसोड संपलेला असायचा, मग जेवताना मला स्टोरी सांगावी लागायची. पहिल्या आठवड्यात आईचं एकच पालुपद, 'अगं, पोरं-पोरी एकाच घरात? आई-बापांना चालतं कसं?' दिवाळीनंतर तीच आई स्वयंपाकघरातून ओरडायची, 'सुरू झालं का गं? रेश्माचं काय झालं?'

पुढच्या जूनमध्ये मास कॉमसाठी पुण्याला जायचा विषय निघाला. नातेवाइकांचा सल्ला ठरलेला, 'औरंगाबादला अप-डाऊन कर की.' साठ किलोमीटर तर आहे! त्यावर आई म्हणाली, 'जाऊ द्या तिला. ती मीनल राहती की तशीच.' बस्स. जे मी वर्षभर भांडून मिळवलं नसतं, ते एका विनोदी सिरियलनं मिळवून दिलं. हसत हसत माणसाची भीती जाते, ती अशी.

आता गंमत बघा. टीआरपी मोजायला तेव्हा देशभरात काही हजार घरांत मीटर होते. आमच्या घरात अर्थातच नव्हता. त्यामुळे आमच्या घरात जे बदललं, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही. म्हणून 'लवकर बंद पडली' म्हणजे 'फुकट गेली' असं मला वाटत नाही. पाच महिन्यांत तिनं आमच्याकडे तरी काम फत्ते केलं होतं.

आणि परत आणून काय मिळालं? फेब्रुवारी २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' आली. तीच टोळी, नवी नावं, नवी गोष्ट. ऑगस्टपर्यंत तीही संपली. वाईट नव्हती हो, पण आपण तिच्यात माजघर शोधत होतो आणि ते तिथे नव्हतं. आपणही बारावीतले राहिलो नव्हतो.

मग करायचं काय? सिरियलचा नाही, माणसांचा पाठलाग करा. दिल दोस्ती संपली त्याच वर्षी अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले आणि पूजा ठोंबरे 'अमर फोटो स्टुडिओ' या नाटकात एकत्र आले. लेखन मनस्विनी लता रवींद्र, दिग्दर्शन निपुण धर्माधिकारी. ज्यांनी 'परत आणा'चा घोष सोडून तिकीट काढलं, त्यांना आपली आवडती मंडळी नव्या गोष्टीत, चक्क पंधरा फुटांवर भेटली!

'चला हवा येऊ द्या'वरूनही तेच झालं. जवळपास दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये थांबलेला हा शो जुलै २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परतला आणि लगेच 'पूर्वीसारखं नाही' सुरू! अहो, कसं असेल? पूर्वीसारखं हवं असेल तर पूर्वीचं बघा, यूट्यूब आहेच. आणि या शनिवारी संध्याकाळी एखाद्या नव्या, नाव न ऐकलेल्या टीमचं नाटक बघा. कुणी सांगावं, दहा वर्षांनी ग्रुपवर तुम्ही त्याच्याच नावानं गळे काढत असाल!